हाजींच्या रायफलीचा गॅस

अकरा वर्षं मी कुवेतमध्ये बंदुका दुरुस्त करतोय आणि आजवर एकही गोळी झाडलेली नाही. गावी हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. माझा मेहुणा तर म्हणतो, "म्हणजे हलवायाला मधुमेह!" हसा बापडे. आमच्या नेमबाजी क्लबचा नियमच तसा आहे. वर्कशॉपमधल्या माणसानं बंदूक खोलावी, साफ करावी, जोडून द्यावी. झाडायचं काम मेंबरचं, नाहीतर कोचचं. मी मूळचा इन्स्ट्रुमेंट फिटर. आधी सात वर्षं अहमदीकडे एका कंत्राटदाराकडे प्रेशर गेज आणि रेग्युलेटर बसवायचो. ते कंत्राट संपलं तेव्हा क्लबच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्या दोस्तानं मला इथं चिकटवलं. हा दोस्त दाभोळचा, कोकणी मुसलमान. मी रत्नागिरीचा. तो मला 'गाववाल्या' म्हणतो आणि मी त्याला 'मियाँ'. दिवसातून तीनदा भांडलो नाही तर आम्हाला जेवण जात नाही.

आता हाजींचं सांगतो. हाजी म्हणजे क्लबचे सगळ्यात जुने मेंबर, बहात्तर वर्षांचे, सबाह अल-सालेमला राहणारे. लहानपणी वडिलांच्या व्यापारापायी काही वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे हिंदी झकास. पहिल्याच भेटीत मला म्हणाले होते, "तुम कोकन का है ना? नाक पे गुस्सा दिखता है." खोटं थोडंच होतं!

गेल्या वर्षी हाजींच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, बंदुकीचा दणका बसेल असं काही करायचं नाही. घरच्यांना तेवढंच पाहिजे होतं. पण चाळीस वर्षं दर शुक्रवारी रेंजवर येणारा माणूस घरी बसून करणार काय? त्यांनी डॉक्टरशी घासाघीस केली, अगदी मासळी बाजारात करावी तशी, आणि शेवटी दणका हलका असेल तर झाडायची परवानगी मिळवली. मग महिनाभर बसून एकेक पार्ट निवडला. बॅरल एकीकडची, दस्ता दुसरीकडचा, ट्रिगर तिसरीकडचा. क्लबकडून रीतसर कागद केले आणि ती सगळी खोकी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"बेटा, ये मेरी आखिरी बंदूक है," म्हणाले. "ये भी कंधे पे मारेगी, तो खलास. सब बंदूकें जमा, और मैं घर पे टीव्ही."

हे त्यांनी हसत सांगितलं. पण त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावर होता, तो काही हसत नव्हता. मोसमाची पहिली मॅच शुक्रवारी होती. मी म्हटलं, हाजी, तुम्हाला टीव्ही बघायला मी मुळीच लावणार नाही. बोललो खरा छाती फुगवून. फिटर माणसाची जीभ पान्यापेक्षा जास्त फिरते.

ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. गोळी बॅरलमधून निघताना तिच्या मागचा थोडा गॅस एका बारीक भोकातून वर येतो, पातळ नळीतून मागं जातो आणि बोल्टला ढकलतो. बोल्ट मागं आला की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि पुढं जाताना तो नवी गोळी भरतो. सगळा खेळ त्या गॅसचा. जास्त झाला की बोल्ट धाडकन मागं आदळतो आणि खांद्याला लाथ बसते. कमी पडला की बोल्ट अर्ध्या वाटेवरून परततो आणि बंदूक अडकते. शेगडीची ज्योत बारीक करावी तसंच आहे, फक्त इथं ज्योत दिसत नाही.

रविवारी हाजींनी पहिल्यांदा ती झाडली. पहिली पुंगळी उडाली ती थेट दोन टेबलं सोडून पुढं. पुंगळी अशी पुढं उडाली की समजावं, गॅस बक्कळ आहे. ती उजव्या हाताला, जराशी मागं पडली पाहिजे. मला धक्का कळायचं साधन तेवढंच, पुंगळी कुठं पडते ते बघायचं आणि झाडणाऱ्याचं तोंड बघायचं. हाजींचं तोंड तिसऱ्या गोळीला पांढरं पडलं.

"गधे की लात," ते म्हणाले आणि उठलेच.

बॅरलवर अंगठीसारखं एक कडं बसतं. ते त्या भोकातला गॅस नळीकडे वळवतं. त्याला ब्लॉक म्हणतात. हाजींच्या रायफलीला साधा ब्लॉक होता, गॅस कमीजास्त करायची सोयच नव्हती. मी स्क्रूवाला ब्लॉक मागवला होता, तो सोमवारी दुपारी हातात आला. त्याचा स्क्रू फिरवला की टक्-टक् आवाज येतो. एकेक टक् म्हणजे थोडा थोडा गॅस जास्त. मी इतका खूश झालो की मियाँला काउंटरवरून ओढत आणून तो आवाज ऐकवला.

"ऐकलं," तो म्हणाला. "आता जाऊ? काउंटरवर माणसं उभी हायत."

संध्याकाळी पाचला मी ब्लॉक बसवायला घेतला. हे काम डोळ्यात तेल घालून करायचं. ब्लॉकचं भोक बॅरलच्या भोकावर बरोब्बर यायला लागतं, केसभरही इकडेतिकडे चालत नाही. अर्धा तास खपून मी ते जुळवलं आणि खालचे दोन बारके स्क्रू बोटांनी फिरवून टेकवले. आता एलन-की घेऊन ते करकचून आवळायचे, की झालं. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा व्हिडिओ कॉल.

"अहो, आज खंडेनवमी. हत्यारं मांडलीत की नाही?"

आमच्या घराची रीत आहे. माझे वडील जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. खंडेनवमीला संध्याकाळी सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, फूल, नारळ, आणि मग दसरा उलटेपर्यंत त्यांना बोट लावायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही सुट्टी. तातडीचं गिऱ्हाईक आलं तरी वडील हात जोडून सांगायचे, परवा या. मी इथंही अकरा वर्षं ते पाळत आलोय. वर्कशॉपच्या कोपऱ्यात, कपाटामागं, कोणाच्या डोळ्यावर येणार नाही असं. झेंडूची फुलं मियाँ आणतो, मिरकाबमधल्या एका फुलवाल्याकडून. मला सांगावं लागत नाही. सांगितलं तर उलट चिडतो.

"मांडतोय, मांडतोय," मी म्हटलं.

"मांडतोय काय? दिवस मावळला! आणि ती सहाकोनी सळई हातात कसली? ती पण ठेवा त्यात."

एलन-की हो! माझ्या हातातली! आता बायकोपुढं कोणाचं चाललंय? मी फोन डब्याला टेकवून उभा केला, पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, एलन-कीचा अख्खा संच पाटावर मांडला. मियाँ फुलं घेऊन आलाच. त्यानं फोनवर वहिनींना सलाम ठोकला, नारळ सोलून दिला आणि "शेंडी ठेव गाववाल्या, वडलांनी काय शिकवलं तुला?" म्हणून मलाच सुनावलं. पूजा छान झाली. बायकोनं तिकडून हात जोडले. "आता हात लावू नका हं," म्हणाली. मी कशाला लावतोय!

दसऱ्याच्या दिवशी मी दरवर्षीप्रमाणे मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, सांगितलं की आज स्टॉक मोजतो. दिवसभर डबे मोजले, मियाँशी भांडलो, जेवणात श्रीखंड खाल्लं. मजेत गेला दिवस. बुधवारी सकाळी पाट उचलला, हत्यारं जागच्या जागी लावली आणि हाजींची रायफल बघितली. ब्लॉक जागेवर. स्क्रू जागेवर. मनात म्हटलं, हे तर आपण सोमवारीच उरकलं. आणि पुढच्या कामाला लागलो.

बुधवारी दुपारी हाजी आले, बाकावर बसले आणि पहिली गोळी झाडली. पुंगळी अलगद उजवीकडे पडली. दुसरी तशीच. तिसरीला हाजींनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि काय सांगू, सत्तरीच्या माणसाच्या तोंडावर एवढं हसू मी कधी बघितलं नव्हतं. मी मागं उभ्या मियाँला कोपर मारलं.

चौथ्या गोळीला पुंगळी बाहेरच आली नाही.

मी म्हटलं, गॅस जरा कमी पडतोय. स्क्रू एक टक् उघडला. नाही. दोन टक्. नाही. पाच, सात, सगळा उघडला, तरी बोल्ट जागचा हलेना. दर गोळीला हाजींना हातानं बोल्टची दांडी मागं ओढावी लागत होती, आणि ती ओढायची म्हणजे नेमका तोच खांदा. मी "बस करा" म्हणायला हवं होतं. पण मला राग आला होता. त्या रायफलीचा, त्या ब्लॉकचा, माझा. आणि रागात मी "हाजी, एक और, एक और" करत राहिलो. दहाव्या वेळेला त्यांनी दांडी ओढली आणि तोंडातून बारीक आवाज निघाला. रायफल खाली ठेवली.

"खलास, बेटा," ते म्हणाले. "तुम्हारा कसूर नहीं. मैंने ही पार्ट गलत चुने. बूढ़ा आदमी, खरीदारी का शौक." मियाँकडे वळून म्हणाले, "शनिवार को मेरे सब कागज निकाल के रख. बंदूकें जमा करता हूँ."

हळूहळू चालत गाडीकडे गेले. मला त्या दिवशी घास गिळवला नाही. मियाँनं आणलेली बिर्याणी तशीच्या तशी परत. एवढ्यावरूनच तो हबकला.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी रायफल पुन्हा टेबलावर घेतली. म्हटलं, आज हिचं पोट फाडून बघायचं. ब्लॉकला हात लावला आणि तो हलला. चक्क हलला! खालचे दोन स्क्रू मी चिमटीत धरून फिरवले, तर लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरले. ब्लॉक काढला. बॅरलवर भोकाच्या बाजूला गॅसची काळी काजळी पसरलेली. तीन गोळ्यांच्या हादऱ्यानं ब्लॉक पुढं सरकला होता आणि भोक बुजलं होतं. आत गॅस जातच नव्हता, मग वरचा स्क्रू मी कितीही उघडला तरी काय उपयोग! म्हणजे टाकीच्या तोंडाला बूच आणि हा शहाणा नळाची चावी फिरवत बसलाय.

आणि स्क्रू सैल का? कारण आवळायच्या क्षणाला एलन-कीला कुंकू लागलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला आणि एकटाच मोठ्यानं हसलो. मग हसू मावळलं, कारण म्हातारा तिकडं स्वतःला दोष देत बसला होता.

मियाँला बोलावून सगळं दाखवलं. तो आधी पोटभर हसला. मग एकदम गंभीर झाला.

"आता आवळ आणि गप बस. हाजीला सांग, धूळ गेली होती. धुळीवर ढकल. ह्या देशात धूळ कधी तक्रार करायला येत नाय."

"आणि ते म्हणतायत पार्ट त्यांनी चुकीचे घेतले, त्याचं काय?"

"अरे बाबा, तू काय सांगणार त्यांना? वर्कशॉपात पूजा केली म्हणून सांगणार? मुदीरच्या कानावर गेलं तर? तुझी नोकरी जायची, आणि फुलं कोणी आणली म्हणून माझी पण!"

तो खोटं बोलत नव्हता. पण माझा स्वभाव वाईट आहे. दुसऱ्या कशात मी खोटं बोलेन, बायकोशीही बोलतो, पण केलेल्या कामाबद्दल मला खोटं बोलता येत नाही. मी मियाँला म्हटलं, तुझं नाव घेणार नाही. तो म्हणाला, "घे, घे. एवढा पण भित्रा नाय मी." आणि त्यानंच फोन लावून माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. कुंकू, नारळ, एलन-की, बायको. माझ्या हिंदीत ते सांगताना मला घाम फुटला. "हाजी, आपके पार्ट एकदम बराबर हैं. गलती मेरी है. हमारे यहाँ उस दिन औजार को हाथ नहीं लगाते, और मैं आवळना भूल गया."

मियाँ माझ्या तोंडाकडे बघतोय, मी मियाँच्या.

"औजार को एक दिन की छुट्टी?" हाजी शेवटी म्हणाले.

"जी."

"मेरी दादी," ते म्हणाले, "मोती निकालने गई बोटें वापस आने का टाइम होता था, तो खजूर की डाली जला के समंदर को चटके देती थी. बोलती थी, बस कर, हमारे आदमी वापस भेज. पूरा मोहल्ला देता था चटके." मग म्हणाले, "तो पार्ट बराबर हैं?"

"एक नंबर, हाजी."

"एक नंबर!" त्यांनी ओरडून घरात कोणाला तरी अरबीत काहीतरी सांगितलं. मग मला म्हणाले, "कल मॅच से एक घंटा पहले आता हूँ. और सुन, बीवी को बोल, अगले साल थोड़ा लेट फोन करे."

मी फोन ठेवला. मियाँनं कालची बिर्याणी गरम करून आणली आणि आम्ही दोघांनी ती सकाळी साडेआठला खाल्ली.

शुक्रवारी हवा गार होती, पण वारा सुटलेला आणि धूळ उडत होती. ब्लॉक मी दोनदा जुळवून, असा आवळला होता की आता तो माझ्या नातवालाच निघेल. हाजी आले. मी वरचा स्क्रू पार बंद केला आणि सुरुवात केली. मॅगझिनमध्ये एकच गोळी. झाडायची, आणि बोल्ट मागं जाऊन उघडा राहतो का बघायचं; मॅगझिन रिकामं झालं की गॅस पुरेसा असला तरच तो तसा राहतो. बंद स्क्रूवर पुंगळी आतच. दांडी ह्या खेपेला मी ओढत होतो, हाजींना हात लावू दिला नाही. एक टक्, नाही. दोन टक्, पुंगळी कशीबशी बाहेर, पायाशी पडली. तीन टक्, बोल्ट मागं गेला पण राहिला नाही. चार टक्, आणि बोल्ट मागं जाऊन खाटकन उघडा राहिला. पुंगळी उजवीकडे, जरा मागं, माझ्या बुटाजवळ.

"बस!" हाजी ओरडले. "हाथ मत लगा! मक्खन है, मक्खन!"

"और एक टक्," मी म्हटलं.

"क्यूँ?"

"धूल के लिए. आज हवा देखो. बंदूक गंदी हुई तो ये गॅस कम पड़ेगा, बीच में अटकेगी."

"नहीं चाहिए."

"हाजी, कंधा आपका है, पर गॅस मेरा है," मी ठणकावलं. मियाँनं मागून माझा शर्ट ओढला. हाजींनी माझ्याकडं डोळे वटारले, मग हात वर करून शरण आले. मी एक टक् उघडला आणि स्क्रू पक्का केला.

मॅच तीस गोळ्यांची. मी काउंटरपाशी उभा राहून पुंगळ्या मोजत होतो, कारण टार्गेट मला इथून दिसत नाही आणि दिसलं असतं तरी मी त्याकडे बघितलं नसतं. दहा. पंधरा. वाऱ्यानं धूळ बाकावर येत होती. चोवीस. मियाँ शेजारी उभा राहून ओठातल्या ओठात काही म्हणत होता. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. सगळ्या उजव्या हाताला, एका ढिगात. मी मियाँच्या पाठीत एक धपाटा घातला.

हाजी शेवटून दुसरे आले. त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शेवटचा आलेला त्यांचा जुना दोस्त होता आणि त्याला ते मोठमोठ्यानं चिडवत होते. मग त्यांनी कोचशी काही बोलून मला खूण केली. मी लाइनवर गेलो. रेंज रिकामी झाली होती. ते पुन्हा बाकावर बसले, एक गोळी भरली.

"पीछे खड़ा रह. हाथ इधर रख." त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्याच्या मागची बाजू दाखवली.

मी तळवा ठेवला. दिशदाशाच्या, म्हणजे त्यांच्या लांब पांढऱ्या झग्याच्या, कापडाखाली ऑपरेशनचा वळ हाताला लागला. म्हातारा केवढा हडकुळा होता, ते मला तोवर कधी कळलंच नव्हतं. त्यांनी श्वास सोडला आणि गोळी झाडली. आवाज तेवढा मोठा झाला. तळव्याला मात्र, झोपलेल्या पोरानं कूस बदलावी, तेवढंच काहीतरी लागलं आणि गेलं.

"इतना ही?" मी विचारलं. माझे डोळे भरून आले होते, ते मी पुसलेही नाहीत.

"इतना ही," हाजी म्हणाले आणि दुसरी गोळी भरायला लागले.